करडेपणा म्हणजे सत्य नव्हे

न्हावा शेव्याचे फोटो कृष्णधवलच असावेत, आणि रंगीत काढायचेच असतील तर निदान फिकट रंगांच्या फिल्मवर काढावेत, हे मत छायाचित्रणाच्या वर्तुळात आता नियमासारखं सांगितलं जातं. स्पर्धांचे परीक्षक ते सांगतात, कार्यशाळा घेणारे सांगतात आणि उरण-पनवेलची नवी मुलं ते निमूट ऐकतात. या मताच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडते ती कोडॅकची एक्टार १०० ही फिल्म. तिचे रंग भरीव, दाणा अगदी बारीक, चित्र लखलखीत. त्यामुळे तिच्यावर काढलेला फोटो पाहिला की ‘हे तर कॅलेंडर झालं’ असा शेरा ठरलेलाच.

असा शेरा मारणारे लोक उथळ नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं नीट मांडून मगच त्याला उत्तर देतो. ते म्हणतात, या किनाऱ्यावर खाडी बुजवली गेली, मिठागरं आणि भातशेती गेली, गावं उठली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि परिसरात जमिनीच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. एवढं सोसलेल्या जागेवर झगझगीत रंग चढवणं म्हणजे दुःखाला मेकअप करणं. दुसरं, अशी फिल्म रंग वाढवून दाखवते, म्हणजे ती खोटं बोलते. तिसरं, तिच्यावर माणसांचे चेहरे लालभडक येतात, म्हणून माणसांच्या कामाची ती नाही.

या म्हणण्यामागची कळकळ मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि या किनाऱ्याच्या बाबतीत तो घातकही आहे. न्हावा शेव्यात रंग ही सजावट नाही, ती माहिती आहे. ती फोटोतून काढून टाकली की आपण गंभीर होत नाही, फक्त कमी सांगतो.

सुरुवात बंदरापासूनच करू. न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. देशातल्या प्रमुख बंदरांवर होणाऱ्या कंटेनर वाहतुकीतला जवळपास निम्मा वाटा आज याच ठिकाणचा आहे. करळ फाट्याच्या आसपास उभं राहिलं की कंटेनरच्या थप्प्या दिसतात, आणि प्रत्येक थप्पी रंगानं बोलते. हापाग-लॉइडचा नारिंगी, एव्हरग्रीनचा हिरवा, सीएमए सीजीएमचा गडद निळा. त्यात अलीकडे एक गर्द गुलाबी पेटी दिसू लागली आहे. ती ‘वन’ या कंपनीची. तीन जपानी जहाज कंपन्यांनी आपला कंटेनरचा धंदा एकत्र करून ती काढली आणि एप्रिल २०१८पासून तिची सेवा सुरू झाली. म्हणजे ज्या फोटोत ती गुलाबी पेटी आहे तो फोटो २०१८च्या आधीचा असूच शकत नाही. पाठीमागे तारीख लिहिलेली नसली तरी रंगानं तारखेची खालची मर्यादा ठरवून दिली. तोच फोटो कृष्णधवल असता तर ती पेटी मधल्या करड्या छटेची आणखी एक पेटी झाली असती, आणि तारीख हरवली असती.

हे बंदराच्या भिंतीआतलं झालं. भिंतीबाहेर रंगाचं मोल याहून मोठं आहे. कांदळवनाचं पाणी भराव टाकून अडवलं की भरती आत यायची थांबते आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. जिवंत तिवराचा हिरवा, मरू घातलेल्या पानाचा पिवळट आणि मेलेल्या फांदीचा राखाडी-तपकिरी यांतला फरक रंगात लहान मुलालाही कळतो. साध्या कृष्णधवल फिल्मवर हिरवं पान, वाळलेलं पान आणि मागचा चिखल या तिन्ही गोष्टी कित्येकदा एकाच करड्या पट्ट्यात येऊन बसतात. भरावाचंही तसंच. खाजणाचा मूळ चिखल काळपट, त्यावर डोंगर फोडून आणून टाकलेला मुरूम तांबडा. भराव कुठून सुरू झाला याची रेघ त्या दोन रंगांच्या सांध्यावर असते. रंग गेला की रेघ गेली.

या गोष्टी केवळ सौंदर्यदृष्टीच्या नाहीत. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठानं या भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. किनाऱ्याचं काय झालं, मासेमारीची जागा कशी गेली, भरतीच्या पाण्याची वाट कशी अडली, असेच प्रश्न अशा वादांत उभे राहतात. किनारा आधी कसा होता हे दाखवायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना मूड नको असतो. त्यांना काय हिरवं होतं आणि काय तांबडं झालं, हे दाखवणारा फोटो लागतो.

घराच्या आतली गोष्टही तीच. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून त्याचं पुनर्वसन झालं. तिथल्या घरांना वाळवीनं पोखरलं आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत राहिला. आता निळसर चुन्याच्या भिंतीवर वाळवीनं बांधलेली मातकट वाट कृष्णधवल फोटोत कशी दिसेल? भिंतीला तडा गेल्यासारखी. तडा म्हणजे जुनं बांधकाम किंवा घरमालकाची हेळसांड, असं पाहणारा सहज म्हणून जाईल. रंगीत फोटोत ती माती आहे हे दिसतं, आणि मातीची वाट दिसली की दोष जागेच्या निवडीकडे जातो. एका रंगामुळे आरोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. याला मी सजावट कशी म्हणू?

बारीक दाण्याचंही हेच. ‘इतकं स्वच्छ चित्र निर्जीव वाटतं, थोडा दाणा असला की जिवंतपणा येतो,’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मोरा बंदराच्या धक्क्यावरून ओहोटीला काढलेली सहा बाय सहा सेंटिमीटरची एक निगेटिव्ह माझ्यासमोर लाइट बॉक्सवर आहे. भिंग लावलं की चिखलात टेकलेल्या होडीची कड दिसते. वरचा निळा रंग पापुद्र्यांनी सुटलाय, त्याखाली हिरवा, त्याखाली तांबडा प्रायमर, आणि एका ठिकाणी नागडं लाकूड. पावसाळा सरत आला, मासेमारी पुन्हा सुरू व्हायची वेळ झाली की होड्या रंगवतात, तेव्हा हे थर म्हणजे त्या होडीच्या हंगामांची वहीच. बाजूला जाळ्याच्या दोऱ्यात दोन वेगळे हिरवे आहेत, कारण फाटलेली जागा नव्या दोऱ्यानं विणून घेतली आहे. वर होडीचा क्रमांक, आणि मागे क्षितिजावर क्रेनची रांग. वीस इंची प्रिंट काढली तर ही निगेटिव्ह साधारण नऊपट वाढते, आणि तरीही क्रमांक वाचता येतो, दोरा ओळखता येतो. दाणेदार फिल्मवर हाच भाग नुसता पोत झाला असता. ज्या माणसाची होडी आहे त्याला पोत नको आहे. त्याला आपला क्रमांक दिसायला हवा आहे.

आता खोटेपणाच्या आरोपाकडे येतो. कोडॅकनं एक्टार हे नाव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रंगीत निगेटिव्ह फिल्मला प्रथम दिलं, पुढे ती मालिका बंद केली आणि २००८मध्ये एक्टार १०० नव्यानं आणली. जगातली सर्वांत बारीक दाण्याची रंगीत निगेटिव्ह फिल्म असा कंपनीचा दावा होता. तिचे रंग कोडॅकच्याच पोर्ट्रासारख्या मवाळ फिल्मपेक्षा भरीव आहेत, हे खरंच. पण निगेटिव्ह म्हणजे अंतिम चित्र नव्हे. तिच्यावर रंग उलटे असतात, आणि वर नारिंगी झाक असते. ती झाक म्हणजे दोष नाही. फिल्ममधले निळा-हिरवा आणि किरमिजी हे रंजक पूर्ण शुद्ध नसतात, नको तोही प्रकाश थोडा शोषतात. त्या अशुद्धतेची भरपाई करण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. म्हणजे रंग अधिक अचूक यावेत याची तजवीज फिल्मच्या पोटातच केलेली आहे. त्यातून किती भडक, किती मवाळ चित्र काढायचं हे प्रिंट किंवा स्कॅन करणारा ठरवतो.

मग इंटरनेटवर आणि प्रदर्शनांत दिसणारे ते निळसर सावल्यांचे, अंगावर येणारे फोटो कुठून येतात? दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही ठिकाणी माणसाचा किंवा यंत्राचा हात असतो. पहिलं ठिकाण कॅमेऱ्याचं मीटर. खाडीच्या पाण्यावर दुपारचं ऊन तळपत असतं, चिखलावर पाण्याचा पातळ थर चमकत असतो. मीटर त्या चमकेला भुलतं आणि प्रकाश कमी घ्यायला सांगतं. पोर्ट्रा अशी चूक बऱ्यापैकी पोटात घालते, एक्टार घालत नाही. प्रकाश कमी पडला की तिच्या सावल्या निळ्या पडतात. उपाय अवघड नाही. कडक उन्हात १०० आयएसओला एफ १६ आणि १/१२५ सेकंद हा जुना हिशेब धरावा, हलत्या होडीतून काढायचं तर एफ ८ आणि १/५००. सावलीतलं काही महत्त्वाचं असेल तर सावलीचं माप घ्यावं. शंका असेल तेव्हा प्रकाश थोडा जास्त द्यावा, कमी कधीच नाही.

दुसरं ठिकाण लॅब. रोल धुण्यात फारशी गडबड होत नाही. सी-४१ची प्रक्रिया १९७२पासून ठरलेली आहे, डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. गडबड होते ती स्कॅनरच्या आपोआप होणाऱ्या रंगदुरुस्तीत. फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यायला हवी, असं ते यंत्र ढोबळपणे गृहीत धरतं. घरगुती समारंभाच्या फोटोला ते चालून जातं. पण नारिंगी कंटेनरांनी अर्धी चौकट भरली की यंत्राला वाटतं, फोटोवर नारिंगी झाक पडली आहे. ते ती ‘सुधारायला’ जातं आणि आकाश निळंजांभळं, रस्ता हिरवट, माणसं आजारी करून ठेवतं. तांबड्या मुरुमाच्या भरावाचं तेच होतं. मग पाहणारा म्हणतो, एक्टार खोटी. फिल्मनं मुरूम तांबडाच टिपलेला होता, यंत्रानं त्यावर अविश्वास दाखवला. लॅबला एवढंच सांगायचं असतं की आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, आणि सगळा रोल एकाच सेटिंगवर स्कॅन करा. एवढं न करता फिल्मवर ठपका ठेवणं म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी नंतर.

दुःखाला मेकअप करण्याचा आरोप सर्वांत जड आहे, कारण तो नैतिक आहे. पण इतिहास वेगळंच सांगतो. दुःख सुंदर करून दाखवल्याचा गाजलेला आरोप १९९१मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये इन्ग्रिड सिशी यांनी केला, तो सेबास्तियाँ सालगादोवर. आणि सालगादोची ओळखच कृष्णधवल छायाचित्रकार म्हणून. तो आरोप योग्य होता की नाही हा वेगळा वाद आहे. माझ्या मुद्द्यापुरतं एवढंच पुरेसं आहे की करड्या छटांनी सौंदर्याच्या आरोपापासून कुणाला संरक्षण दिलेलं नाही. दुःख गोंडस होतं ते चौकटीमुळे, प्रकाशाची वेळ निवडल्यामुळे, माणसाला नावाशिवाय उभं केल्यामुळे. सूर्यास्ताला क्रेनच्या काळ्या आकृत्या टिपा, तो फोटो कृष्णधवल असो की रंगीत, कॅलेंडरच होणार.

कृष्णधवलची ताकद मी नाकारत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली, त्यांतला जाब विचारणारा सूर करड्या छटांतच उमटला आहे, आणि त्यांची जागा मराठी छायाचित्रणात पक्की आहे. पण एका कामाला साजलेली पद्धत दुसऱ्या कामाचा कायदा होत नाही. ओलवे यांच्या फोटोंत प्रश्न माणूस आणि घाण यांच्यातल्या नात्याचा होता. न्हावा शेव्याचा प्रश्न जमीन, पाणी आणि मालकी यांचा आहे, आणि ती कहाणी मातीच्या, पाण्याच्या नि पेट्यांच्या रंगांत लिहिलेली आहे.

रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत काम केलं, बहुतांश कोडॅक्रोम फिल्मवर. १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की कृष्णधवलची विषण्णता ही पाश्चात्त्य आधुनिकतेची आहे आणि भारताचं जगणं रंगावाचून दाखवता येत नाही. मी त्यांच्याइतका सरसकट दावा करणार नाही, साऱ्या देशासाठी एकच नियम मलाही पटत नाही. पण या किनाऱ्यावर त्यांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. आगरी-कोळी घरातली हळद पाहा, नारळी पौर्णिमेला सजलेली होडी पाहा, बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मावशीचं लुगडं पाहा. हे लोक स्वतःला करड्या रंगात पाहत नाहीत. जासईला दर जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं, तेव्हाही तिथे फुलं असतात, झेंडे असतात, घोषणा असतात. ज्यांनी जमिनीच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभं राहून विकसित जमिनीचा साडेबारा टक्क्यांचा हक्क झगडून मिळवला, त्यांना आपण अश्रूंच्या छटेतच दाखवायचं, हा हट्ट कोणाच्या भल्याचा? दावेदाराला बिचारा करून टाकणं हाही एक मेकअपच आहे, फक्त करडा.

राहिला चेहऱ्यांचा मुद्दा. ‘एक्टारवर माणसं काढू नका’ हा सल्ला प्रामुख्यानं गोऱ्या त्वचेच्या अनुभवातून आला. गोऱ्या गालांची लाली ती वाढवते, हे खरं. तो सल्ला जसाच्या तसा उचलून उरणच्या माणसांना लावण्याआधी थोडा इतिहास आठवायला हवा. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी दाखवून दिलंय की कित्येक दशकं लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी वापरली जाणारी नमुनाकार्डं गोऱ्या स्त्रीचीच असत आणि सावळ्या त्वचेच्या छटा नीट येत नाहीत ही तक्रार दुर्लक्षित राहिली. पुढे सुधारणेला जोर मिळाला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, कारण त्यांना तपकिरी रंगांतले फरक फोटोत हवे होते. गोऱ्या चेहऱ्यावरून ठरलेला नियम आपण आजही बिनतक्रार चालवतोय. उन्हात काम केलेला सावळा चेहरा, प्रकाश पुरेसा दिला तर, एक्टारवर तांब्यासारखा उजळ आणि घट्ट येतो. त्यात कपाळ आणि गाल यांतला फरक राहतो, उन्हानं रापलेलं आणि न रापलेलं अंग वेगळं दिसतं. प्रकाश कमी दिला तर चेहरा विटका लाल होतो, आणि तो दोष आपल्या मापाचा.

या फिल्मच्या मर्यादा खऱ्या आहेत. संध्याकाळ झाली की ती हातातल्या कॅमेऱ्यात थकते. रात्रीच्या दिव्यांखाली ती वापरू नये. हिवाळ्याच्या धुरकट सकाळी तिचेही रंग मलूल होतात, म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचे स्वच्छ दिवस तिच्यासाठी ठेवावेत. कोकणच्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लागते, ती सिलिका जेल घालून बंद डब्यातच ठेवावी. रोल महाग आहे, धुणं महाग आहे. ज्याला परवडत नाही त्यानं फोनवर रंगीत काढावं, माझा वाद त्याच्याशी मुळीच नाही. फक्त निगेटिव्हचा एक फायदा लक्षात घ्यावा. तिच्या कडेवर चौकटीचा क्रमांक छापलेला असतो, आधीची आणि नंतरची चौकट त्याच पट्टीवर शेजारी असते. एखाद्या फोटोबद्दल कोणी शंका घेतली तर ती पट्टी पुढे ठेवता येते.

आणि नियम पाळावेत. बंदर हे संरक्षित ठिकाण आहे, परवानगीशिवाय आत कॅमेरा काढू नये. नौदलाच्या परिसराचंही तेच. अटल सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे. पण भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला जाणारी लाँच सगळ्यांची आहे, घारापुरीचा डोंगर सगळ्यांचा आहे, गावातला रस्ता गावकऱ्यांचा आहे. या किनाऱ्याची खरी चित्रं तिथूनच मिळतात.

परीक्षकांना माझं सांगणं आहे की फोटो भडक आहे का, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, या रंगातून काय कळलं आणि तो काढून टाकला असता तर काय हरवलं असतं. उरण-पनवेलच्या मुलांना सांगणं आहे की रंगीत काढा, भरीव काढा, प्रकाश पुरेसा द्या, पट्टीच्या पाकिटावर गाव आणि तारीख लिहा, आणि ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रिंट नेऊन द्या. ज्यांना हा किनारा करडाच पाहायचा आहे त्यांनी खुशाल पाहावा. तो त्यांच्या आवडीचा भाग आहे. मात्र ती आवड त्यांनी सत्याच्या नावावर खपवू नये आणि ज्यांची जमीन, खाडी आणि होडी आहे त्यांच्यावर लादू नये.